‘तो वाचत नाही, पाठ म्हणतो’

या वेळचं पत्र एका बाबांचं आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. घरात यमकांची दहा-बारा चित्रपुस्तकं आहेत. त्यातली तीन-चार तो गेलं वर्षभर रोज रात्री ‘वाचून दाखवतो’. पंधरा दिवसांपूर्वी बाबांना शंका आली आणि तो वाचत असतानाच त्यांनी पानावर तळहात ठेवला. मुलगा थांबला नाही. झाकलेलं पान त्याने शेवटपर्यंत म्हटलं, वर बाबांचा हात बाजूला सारून पान उलटलं. ‘म्हणजे वर्षभर मी एका सोंगाला टाळ्या वाजवत होतो,’ असं बाबा लिहितात. शाळेत विचारलं, तर बाई म्हणाल्या, अक्षरओळख अजून कच्ची आहे. त्याच्याच वयाची चुलत बहीण मात्र बिनचित्रांची पुस्तकं वाचते. घरात दोन मतं पडली. आई म्हणते, त्याला हवं ते वाचू दे. बाबांनी ‘ही यमकं-बिमकं आता पुरे’ म्हणून सगळी पुस्तकं कपाटावर टाकली आणि गद्य गोष्टींचा नवा संच आणला. आता मुलगा नवी पुस्तकं उघडत नाही आणि जुनी मागतही नाही. माझं चुकलं का, जुनी परत दिली तर तो खरं वाचायला कधी लागणार, असं बाबांनी विचारलं आहे. तळटीपेत आणखी एक बारीक प्रश्न आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य वाचनाविषयी नाहीच. ‘जुनी मागतही नाही’ हे ते वाक्य. साडेसहा वर्षांचं मूल आवडती वस्तू मागायचं थांबलं, म्हणजे ती त्याला नकोशी झाली असेलच असं नाही. ती मागितलेली बाबांना आवडत नाही, एवढं त्याला कळलेलं असतं. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. पुस्तकं आजच खाली काढा. ‘त्या दिवशी मी हात ठेवला ते मला बरं वाटलं नाही’ एवढंच म्हणा आणि पुस्तक उघडा. लांबलचक समजावणी नको, त्याने तो आणखी अवघडेल.

बाकीचं सावकाश बोलू.

तळहाताच्या परीक्षेपासून सुरुवात करू. शाळेतली एखादी कविता तुम्हालाही अजून तोंडपाठ असेल. तुम्ही ती वाचत असताना कोणी पान झाकलं, तर तुम्हीही थांबणार नाही. तेवढ्यावरून तुम्हाला वाचता येत नाही असं कोणी म्हणेल का? पान झाकून फक्त पाठांतर कळतं. वाचता येतं का हे बघायचं असेल तर पाठ नसलेलं पान पुढ्यात ठेवायचं. तुम्ही परीक्षा एका विषयाची घेतलीत आणि नापास दुसऱ्या विषयात केलंत.

माझी भाची चार वर्षांची असताना पुस्तक उलटं धरून घडाघडा ‘वाचायची’. चित्रातला ससा डोक्यावर उभा, आणि हिचं चालूच. आम्ही हसलो की रागावून विचारायची, ‘तुम्हाला वाचता येत नाही का?’ तुमचा मुलगा या टप्प्याच्या कितीतरी पुढे आहे. पत्रात तुम्ही एक तपशील सहज लिहून गेलात, मी मात्र तिथे थांबले. पान संपल्यावर त्याने तुमचा हात बाजूला केला आणि पान उलटलं. म्हणजे कुठली ओळ कुठल्या पानावर संपते हे त्याला ठाऊक आहे. तोंडी गोष्ट रोज थोडी बदलते, छापलेली बदलत नाही, हेही त्याला कळलंय. आपण जे बोलतो ते त्या काळ्या खुणांमध्ये कुठेतरी बांधलेलं आहे, हा वाचनाचा पाया त्याच्यापाशी आहे. नेमकं कुठे बांधलंय, ते त्याला अजून सापडलेलं नाही. त्याला सोंग म्हणू नका. तुम्ही वाचताना कसे दिसता, कसे वाटता, ते तो मनापासून करून बघतोय.

आता बाईंचं म्हणणं. अक्षरओळख कच्ची आहे, हे त्या म्हणतात ते मी खरं धरते. तुमची काळजी अगदीच निराधार नाही. नुसतं पाठ म्हणत राहिल्याने अक्षरं आपोआप ओळखू येत नाहीत. कॅनडातल्या दोन संशोधकांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोठं माणूस चित्रपुस्तक वाचून दाखवत असताना लहान मुलांची नजर कुठे फिरते, हे त्यांनी यंत्राने टिपलं. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती, मजकुराकडे फारच क्वचित. यात मुलांचा काय दोष? एकीकडे टोपी घातलेला उंदीर आणि दुसरीकडे काळ्या रेघा असतील तर मीही उंदीरच बघेन. तुमच्याकडे वर्षभर हेच झालं असणार. कान आणि तोंड यमकात, डोळे चित्रात, आणि अक्षरं बिचारी कडेला उभी.

यमकाचा उपयोग इथेच होतो. तुम्ही नेमका तोच टेकू काढून घेतलात.

‘यमकं-बिमकं’ हा शब्द तुम्हीच वापरलात, गंमत म्हणून तोच घेऊ. पुस्तक-बिस्तक, टोपी-बिपी, खेळ-बिळ. आपण मोठी माणसं दिवसभर हे करत असतो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, तिथे ‘बि’ बसवायचा आणि उरलेली शेपटी तशीच ठेवायची. असं करायला शब्द तोडता यावा लागतो, पुढचा तुकडा वेगळा आणि मागचा वेगळा ऐकू यावा लागतो. वाचायला शिकणाऱ्या मुलाला हाच कान लागतो. तुम्ही यमकाला नावं ठेवलीत तीही यमकातच.

या कानाचा आणि वाचनाचा संबंध शोधणारा एक जुना अभ्यास आहे. ऑक्सफर्डमधले लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी तो १९८३ साली प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांच्या, अजून वाचायला न लागलेल्या सुमारे चारशे मुलांना त्यांनी शब्दांचे छोटे गट ऐकवले आणि वेगळा शब्द कोणता ते विचारलं. मराठीत करायचं तर पाणी, गाणी, राणी, दोरी. ज्यांना वेगळा शब्द चटकन ओळखता आला, ती मुलं तीन-चार वर्षांनी वाचन आणि शुद्धलेखनात पुढे होती. मला महत्त्वाचा वाटतो तो अभ्यासाचा दुसरा भाग. या खेळात कच्ची असलेली ६५ मुलं निवडून त्यांचे गट केले. एका गटाला नुसते आवाज जुळवायला शिकवलं. दुसऱ्या गटाला आवाजांबरोबर प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला दिली. जास्त प्रगती झाली ती या दुसऱ्या गटाची. यमक अधिक अक्षर, दोन्ही एकाच वेळी समोर. तुमच्या घरी पहिलं भरपूर झालं, दुसरं राहून गेलं.

हा अभ्यास इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरचा आहे. पुढे काही संशोधकांनी असंही दाखवलं, की यमक ओळखण्यापेक्षा शब्दातले सुटे ध्वनी वेगळे करता येण्याचा वाचनाशी जास्त जवळचा संबंध आहे. तो वाद आहेच. पण मराठीपुरतं मला यमकाच्या बाजूने एक गोष्ट दिसते. इंग्रजीत दोन शब्द कानाला जुळले तरी त्यांचं स्पेलिंग जुळेलच असं नाही. मराठीत पाणी, गाणी, राणी, नाणी लिहून बघा. जे कानाला सारखं लागतं तेच डोळ्याला सारखं दिसतं. आपलं यमक दिसतं, त्यावर बोट ठेवता येतं.

बाराखडीशी त्याचं नातंही मजेदार आहे. क, का, कि, की म्हणताना व्यंजन तेच राहतं आणि स्वर बदलतो. लाल, गाल, चाल, शाल म्हणताना उलट होतं, म्हणजे मागचं सगळं तेच राहतं आणि पुढचं व्यंजन बदलतं. एकाच कापडाचे हे उभे-आडवे धागे आहेत. शाळेत उभा धागा घोटून घेतात, आडवा यमकातून मिळतो. आणि कापड लहान नाही. तीसहून अधिक व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या आसपास आकृत्या झाल्या, आणि जोडाक्षरं अजून दारातच उभी आहेत. इंग्रजीची २६ अक्षरं एका वर्षात संपतात, आपल्या लिप्यांचं तसं नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तिथे ही अक्षरं पुरती आत्मसात व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची बरीच वर्षं लागताना दिसली. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच आहे. तेव्हा पहिलीत अक्षरओळख कच्ची असणं ही नोंद घ्यायची गोष्ट आहे, घाबरायची नाही.

आता करायचं काय, ते एका उदाहरणावरून सांगते. तुमच्या घरातल्या पुस्तकांतल्या ओळी मला माहीत नाहीत, म्हणून चार ओळी मीच जुळवल्या. कवितेचे गुण देऊ नका.

उंदराची टोपी लाल,
मांजराचे गोरे गाल.
टोपी गेली वाऱ्यावर,
मनी चढे दारावर.

पहिल्या दिवशी फक्त बोट. त्याचं बोट, तुमचं नव्हे. ‘तू वाच, मला कुठे वाचतोयस ते दिसू दे’ एवढंच सांगा. पाठ असलेल्या मजकुरावर बोट ठेवणं सोपं वाटतं, तसं नाही ते. ‘दारावर’ हा शब्द तो दा-रा-वर असा तीन झटक्यांत म्हणणार, आणि पानावर अक्षरं आहेत चार. तोंड ओळीच्या शेवटी पोचलं तरी बोट अजून ‘व’वर. मग तो थबकेल, पानाकडे बघेल, कदाचित म्हणेल, ‘एक उरलं.’ या क्षणासाठीच सगळा खटाटोप आहे. त्याला दुरुस्त करायची घाई करू नका. ‘उरलं होय? परत बघू,’ म्हणा. दुसऱ्या वेळी तो वेग कमी करेल आणि शेवटचा ‘र’ वेगळा शोधेल. पाठ नसलेल्या मजकुरात हे होत नाही, कारण तिथे काय उरायला हवं हेच मुलाला माहीत नसतं. पाठ असलेल्या ओळीत उत्तर आधीच माहीत असतं, फक्त गणित मांडायचं राहिलेलं असतं.

हे दोन-तीन दिवस जमलं की थांबायचा खेळ घ्या. या वेळी वाचायचं तुम्ही. ‘टोपी गेली वाऱ्यावर, मनी चढे…’ आणि गप्प बसायचं. त्याने शब्द भरला की तो पानावर कुठे आहे ते विचारायचं. या थांबण्यात ताकद आहे. कर्स्टन रीड या संशोधिकेने २०१४ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या शब्दाची चाहूल यमकाने आधीच लागली आणि वाचणारा त्या शब्दाआधी क्षणभर थांबला, तर मुलांना नवे शब्द अधिक चांगले लक्षात राहिले. तुमचा मुलगा त्याहून मोठा आहे आणि तुम्हाला शब्द नव्हे, त्याचं लिखित रूप शिकवायचंय. तरी युक्ती तीच, आधी अंदाज बांधू द्यायचा आणि मग दाखवायला सांगायचं.

त्यानंतरचा खेळ माझा सगळ्यात लाडका. तुम्ही चुकीचं वाचायचं. आधी ढोबळ चूक करा, ‘टोपी गेली पाण्यात’. तो ओरडेलच, ‘नाहीऽ! वाऱ्यावर!’ ही चूक कानालाच कळते, कारण यमक मोडतं. तुम्ही मात्र हटून बसायचं. ‘छे, इथे पाण्यातच लिहिलंय. कुठेय वाऱ्यावर? दाखव बरं.’ आता पुराव्यासाठी त्याला पानाकडे जावंच लागेल. बाबांना खोटं पाडण्यासाठी मूल जितक्या बारकाईने अक्षरं बघतं, तितकं शाबासकीसाठी बघत नाही.

पुढच्या आठवड्यात चूक बारीक करा, ‘टोपी गेली झाडावर’. यमक शाबूत, अक्षरांचं मापही तेच. कान तक्रार करत नाही, शब्दाचा शेवटही दोन्हीकडे ‘वर’च. फरक आहे तो फक्त पुढच्या तुकड्यात, म्हणून तिथेच बघावं लागतं. ‘झाडा’ की ‘वाऱ्या’? आणि त्या ‘ऱ्या’जवळ तो नक्की अडखळेल, कारण ‘र’चं असं रूप त्याला सहसा दिसत नाही. सांगून टाका, हाही ‘र’च, जरा वेगळा बसलाय. असे चार-सहा वेगळे बसलेले ‘र’ त्याला गोष्टीतच भेटले की नंतर जोडाक्षरांच्या धड्यात तो दचकणार नाही.

मग शब्द पुस्तकाबाहेर काढा. हे करायला चुकू नका, कारण बाईंना जे कच्चं वाटलं ते इथेच पक्कं होतं. कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करा आणि लाल, गाल, टोपी, दारावर, वाऱ्यावर असे शब्द त्यांवर लिहा. चित्र नाही, ओळीचा क्रमही नाही. इथे शब्द ओळखला तर ते वाचन. अडला तर पुस्तक उघडून शोधू द्या, ती लबाडी नाही, तो त्याचा शब्दकोश आहे. ‘लाल’च्या चिठ्ठीतलं पहिलं अक्षर झाकून तिथे चा, शा, मा ठेवत जा. ‘बि’चा खेळ तोंडी खेळायला हरकत नाही. लाल-बिल, टोपी-बिपी यावर साडेसहा वर्षांची मुलं पोट धरून हसतात.

आता गद्याचं. तुम्ही नवा संच आणलात त्यामागचा हेतू मला पटतो. यमकाला मर्यादा आहेत. ‘मनी चढे दारावर’ असं आपण बोलत नाही. यमकासाठी शब्द मागेपुढे सरकतात, क्रियापदं जुन्या वळणाची होतात. कधीकधी तर ठेक्यात मूल इतकं रमतं की टोपी गेली कुठे आणि का, याचा त्याला पत्ताच नसतो. एकदा मधेच विचारून बघा, ‘मनी दारावर का चढली?’ उत्तर आलं तर छान. नाही आलं तर चित्र बघून दोघांनी मिळून शोधा. पण यमकातून एकदम अनोळखी गद्यावर उडी मारायला लावणं म्हणजे टेकू आणि जमीन दोन्ही एकाच दिवशी काढणं. मधे एक पायरी ठेवा. त्याच्या आवडत्या पुस्तकाचं गद्य तुम्ही स्वतः कागदावर लिहून काढा. ‘उंदराची लाल टोपी वाऱ्यावर उडाली. मनी दारावर चढली. तिचे गोरे गाल लाल झाले.’ शब्द बहुतेक ओळखीचे, क्रम नवा, म्हणजे पाठांतर कामाचं नाही. असा पाच-सहा ओळींचा कागद तो अडखळत का होईना वाचू लागला की नव्या संचातलं सगळ्यात कमी मजकुराचं पुस्तक त्याच्या जुन्या पुस्तकांतच ठेवून द्या. ‘आता हे वाच’ म्हणू नका. दिसू द्या, बस.

पुस्तकं निवडताना काय बघावं, हे दुसऱ्या वाचकांनीही विचारलंय, म्हणून थोडक्यात सांगते. घेण्याआधी दोन पानं मोठ्याने वाचा. तुमचीच जीभ अडखळली, ओळ लांबली किंवा यमकासाठी शब्द पिळलेला दिसला, तर ठेवून द्या. ‘उंदीर बसला टोपीत, मनी होती झोपीत’ असल्या ओळी मी छापलेल्या पाहिल्यात. ‘झोपेत’ म्हणणाऱ्या मुलाला ‘झोपीत’ शिकवून काय मिळवायचं? भाषांतरित यमकांत हे फार होतं, चित्रं सुंदर आणि ओळी लंगड्या. अक्षरं चित्रावरच छापलेली असतील तर ती सुटी दिसतात ना ते बघा. नक्षीदार वळणाची अक्षरं शिकाऊ वाचकाला जड जातात. आणि ‘ल’ दोन वळणांनी छापतात, पाकळीचा आणि उभ्या दांड्याचा. दोन्ही घरात असतील तर मुलाला एकदा शेजारी ठेवून दाखवा. मोठ्यांच्या ध्यानातही येत नाही आणि मूल बुचकळ्यात पडतं.

यमक म्हणजे बाळबोध, हा समज मात्र सोडा. अमेरिकेत डॉ. स्यूस यांनी १९५७ साली नुकतंच वाचू लागलेल्या मुलांसाठी आख्खी यमकी गोष्ट लिहिली, ती अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत. पुढे १९६० साली आणखी एक लिहिली, फक्त ५० शब्दांत. एवढ्या थोड्या शब्दांत गोष्ट पुढे न्यायची, यमक सांभाळायचं आणि सहा वर्षांच्या मुलाला पान उलटायला लावायचं, हे पोरकट माणसाचं काम नाही.

काळजी कधी करायची तेही सांगते, कारण पाठांतर चांगलं असलेलं मूल कधीकधी खरी अडचण झाकून नेतं. दोन-तीन महिने हे खेळ नियमित केल्यावरही चिठ्ठीवरचे साधे शब्द ओळखू येत नसतील, काल आलेली अक्षरं आज पुसली जात असतील, पाणी-गाणी जुळतात आणि दोरी जुळत नाही हे ऐकूनही कळत नसेल, तर बाईंशी पुन्हा सविस्तर बोला. कान आणि डोळे तपासून घ्या. वरचेवर सर्दी होऊन कान भरणाऱ्या मुलांना ऐकायला कमी येतं आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. घरात कोणाला लहानपणी वाचायला फार जड गेलं असेल तर तेही सांगा. डिस्लेक्सियासारखी, म्हणजे अक्षरं-शब्द वाचतानाच अडवणारी, अडचण असलीच तर ती लवकर कळलेली बरी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, पण पत्रावरून असलं काही ठरवू नये.

चुलत बहिणीबद्दल मी फारसं लिहिणार नाही. ती वाचते हे छान आहे. एकाच वयाची मुलं या बाबतीत वर्ष-दीड वर्ष मागेपुढे असणं रोजचं आहे. तिचं उदाहरण त्याच्यासमोर दिलं नसेल अशी आशा करते. दिलं असेल तर आता थांबवा. जमलंच तर दोघांना एकत्र बसवून त्याला तिला ती यमकाची पुस्तकं वाचून दाखवू द्या. बिनचित्रांची पुस्तकं वाचणारी तीही उंदराची टोपी बघायला वाकेल, पैज लावते.

राहिली तुमची तळटीप. ‘एकच पुस्तक तो एका रात्रीत तीन-तीनदा घ्यायचा. मला झोप अनावर होते. मधली पानं गाळली तर चालेल का?’ चालणार नाही, कारण तो पकडेल. आणि त्या आवर्तनांत तुम्हाला वाटतं तितकं वायाही काही जात नाही. २०११ साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द गोष्टींतून ऐकवले. शब्द दोन्ही गटांना सारख्याच वेळा ऐकायला मिळाले. पण एका गटाने तीच गोष्ट पुन्हापुन्हा ऐकली, दुसऱ्याने वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या. शब्द जास्त शिकला तो पुन्हापुन्हावाला गट. म्हणून पाळी लावा. पहिल्यांदा तुम्ही वाचा, एका ठरलेल्या चुकीसकट. दुसऱ्यांदा तो बोट ठेवून वाचेल. तिसऱ्यांदा तो नुसता म्हणेल, हवं तर डोळे मिटून, आणि तुम्ही पडल्या पडल्या ऐका. तुमचा डोळा लागला तर तो हलवून उठवेलच. तेव्हा दिवा लावा आणि विचारा, ‘कुठपर्यंत आलो होतो रे आपण?’